चौथा दिवा

पंचक्रोशीत सगळ्यांच्या आधी आमच्या घरात वीज आली, असं आमच्याकडची माणसं अजून छाती फुगवून सांगतात. धादांत खोटं आहे. वीज आली ती पुढच्या सोप्यात, पुरुषांच्या बैठकीत. सोप्यात दोन दिवे, एक बाहेरच्या दारावर आणि चौथा गोठ्यात. चूल, पाटा-वरवंटा आणि आम्ही तीन बायका जिथं होतो, तिथं काही ती आली नव्हती. तिथं ती कशी आणावी लागली हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

माझं माहेर इंदापूरचं. वडील कचेरीत कारकून. घरात कंदील एकच, पण जेवताना तो मधोमध असायचा, आणि वाढून झालं की आईसुद्धा त्याच उजेडात आमच्याबरोबर बसायची. मला वाटायचं, सगळीकडे असंच असतं. लग्न होऊन बारामतीच्या बाजूला मळ्यात आले तेव्हा मी सोळा वर्षांची होते, मराठी चौथी पास आणि तोंडानं फटकळ. पहिले सहा महिने मी तोंड बंद ठेवलं. त्याहून जास्त मला जमलं नाही.

सासरी मोसंबीची बाग होती, वांगी, कांदे, मिरची होती. पाणी कालव्याचं, पण ते पाळीनं मिळायचं. पाळी लांबली की बाग माना टाकायची. तीस सालानंतरची ती वर्षं. आमच्या भागात साखर कारखान्यांचं वारं सुटलं होतं आणि ज्याला त्याला यंत्राचं वेड लागलं होतं. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, विहिरीवरची मोट मोडली आणि तेलावर चालणारं इंजिन बसवलं. कालवा बंद असला तरी बाग तगावी म्हणून. इथवर सगळं शहाणपणाचं होतं.

मग कुणीतरी त्यांना सांगितलं की ह्याच इंजिनावर डायनामो चालतो आणि विजेचे दिवे लागतात. झालं. बारामतीहून मिस्त्री आला, तारा आल्या, दिवे आले. चारच दिवे ओढील एवढाच त्याचा जीव, असं मिस्त्रीनं बजावलं होतं.

आता इथली मेख सांगते, कारण सोप्यात बसणाऱ्यांना ती कधीच कळली नाही. इंजिनाला चामड्याचा पट्टा एकच होता. दिवसा तो पंपावर चढवला की पाणी वर यायचं आणि त्यातलंच थोडं एका नळीनं इंजिनाच्या टाकीत पडायचं. त्या पाण्यानं इंजिन थंड राहायचं. दिवेलागणीला थोरले दीर तोच पट्टा काढून डायनामोवर चढवायचे. म्हणजे पंप बंद. म्हणजे टाकीत पडणारं पाणी बंद. आणि इंजिन तर तापतच राहायचं. मग त्या टाकीत पाणी कोण घालणार?

आम्ही. जाऊबाई आणि मी आळीपाळीनं विहिरीतून पोहऱ्यानं पाणी शेंदायचो, कळशी भरायचो, टाकीत ओतायचो, पुन्हा शेंदायचो. एक विहिरीवर, एक वाढायला, आणि आत्याबाई चुलीपुढं. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. सोप्यात बसलेले पाहुणे तोंड वर करून दिव्याकडं बघत आणि म्हणत, “काय यंत्र हाय, आबा! आपलंआपण चालतंय.” आपलंआपण! माझे हात दोरानं सोलून निघाले होते.

पुरुषांची पंगत त्या दोन दिव्यांखाली बसायची. जेवणं व्हायची, पान खाऊन व्हायचं, आणि मामंजींचा आवाज यायचा, “बंद कर रे इंजिन, त्याल फुकट जळतंय.”

ठोके थांबायचे, अंधार पडायचा, आणि मग आम्ही तिघी जेवायला बसायचो. रोज. एक दिवस चुकला नाही. आमच्यासाठी तेल जळलं की ते फुकट जळलं.

आमच्याकडं रॉकेलची चिमणी होती. पण तीसुद्धा आत्याबाई जेवायच्या वेळी उचलून मागच्या कोनाड्यात ठेवायच्या. “धूर करती मेली, डोळं चुरचुरत्यात,” म्हणायच्या. आमच्या पाठीला उजेड आणि ताटात अंधार. वाढायच्याही त्याच. अंधारात त्यांचा हात बरोबर आमच्या ताटावर यायचा. मला त्यांचाही राग यायचा. बाई गं, तीस वर्षं ह्या चुलीपुढं काढलीस, एक दिवा माग की!

शेवटी मीच मागितला. थेट मामंजींशी बोलायची रीत नव्हती, म्हणून ह्यांच्यामार्फत. ह्यांनी दोन दिवस चालढकल केली आणि मग कधीतरी सोप्यात चाचरत विषय काढला. उत्तर माझ्यापर्यंत पोचावं एवढ्या मोठ्यानं आलं.

“चुलीच्या धुरानं काळा पडंल दिवा. आन् बायकांना काय पोथी वाचायची हाय तितं?”

“आबा, पर गोठ्यात हाय की एक,” हे म्हणाले. एवढं बोलले हेच नशीब.

“त्यो खिलार हाय. लोक बघाया येत्यात त्याला.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बैलाला उजेड, कारण त्याला बघायला लोक येतात. शेणाची वाफ दिव्याला चालते, भाकरीचा धूर चालत नाही. मी पीठ मळत होते, ते एवढं आपटलं की आत्याबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. 

त्यानंतर महिनाभरानं, चैत्रात, तालुक्याचे एक अंमलदार दिवे बघायला येणार म्हणून निरोप आला. कालवा बंद होता, बाग इंजिनावर होती. दिवसभर पंप चालला. दुपारपासून पुरणाचा घाट. पुरण वाटता वाटता जाऊबाईंच्या हाताला फोड आले. दिवेलागणीला पट्टा डायनामोवर चढला आणि मी कळशी घेऊन विहिरीवर उभी राहिले.

चार-पाच कळश्या ओतल्या असतील. सहावी घेऊन वळले तर सोप्याच्या खिडकीतून मामंजींचा आवाज आला. पाहुण्यांना सांगत होते, “आता आमच्या घरात अंधार म्हणून न्हाय बघा.”

मी स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. चुलीचा जाळ तेवढा दिसत होता आणि त्याच्यापुढं आत्याबाईंची वाकलेली पाठ. मी कळशी खाली ठेवली. भरलेली कळशी, टाकीपासून चार पावलांवर. आत येऊन पोळ्या लाटायला बसले. जाऊबाईंनी विचारलं, “पाणी?” मी म्हटलं, “झालं.” खोटं बोलले. आजही त्याबद्दल मला काही वाटत नाही.

थोड्या वेळानं इंजिनाचा ठोका जड झाला. सोप्यातले दिवे लाल झाले, मग विझले. इंजिनानं एकदा करकर केलं आणि थांबलं. पाहुण्यांपुढं पोळी नुकतीच वाढली होती.

पाहुणे कंदिलाच्या उजेडात जेवून, बरं-बरं म्हणून गेले. मामंजी कंदील घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. त्याआधी ते त्या उंबऱ्यापर्यंत कधी आल्याचं मला आठवत नाही.

“टाकीत पाणी कुणी घातलं न्हाय?”

मी डोक्यावरचा पदर सावरला आणि थेट बोलले. “हिरीवर अंधारात दिसंना मला.”

त्यांनी कंदील माझ्या तोंडासमोर धरला. “इंजिन धरलं तर बाग वाळंल, कळतंय का? मोट मोडली हाय म्या! कुणाच्या डोक्यातनं निघालं ह्ये?”

मी तोंड उघडणार तोच चुलीपुढून आवाज आला. “म्याच सांगितलं तिला, घालू नगं म्हणून.”

आत्याबाई. वळूनसुद्धा पाहिलं नाही. तव्यावरची पोळी उलटत होत्या.  मामंजी बोलतात आणि त्या ऐकतात, एवढंच त्यांच्या संसारात आजवर झालं होतं. मला मारलं असतं तर एक वेळ त्यांना सोपं गेलं असतं. ते कंदील घेऊन गेले.

इंजिन खरंच धरलं होतं, तापून आतून जाम झालं होतं. मिस्त्री येऊन मोकळं करीपर्यंत दोन दिवस गेले, आणि ते दोन दिवस घरातल्या तिन्ही पुरुषांनी पोहऱ्यानं पाणी शेंदून मोसंबीला घातलं. संध्याकाळी ह्यांनी मला आपले तळहात दाखवले. मी माझे दाखवले. बाग जाता जाता वाचली. गेली असती तर दोष माझा होता, हे मी कबूल करते. पण ती वेळ माझ्यावर आणली कुणी, हेही कुणीतरी कबूल करावं.

मिस्त्री जाताना मामंजींना म्हणाला, “पाण्याला माणूस बांधून द्या, न्हायतर इंजिन जाळाल.” मामंजींनी आत पाहिलं. पाण्याला बांधलेली माणसं आतच होती. तोंड उघडलेलंच होतं, म्हणून मी दाराआडून म्हटलं, “पाणी आमी घालू. पर दिवा हितं पायजे, आन् आमची जेवणं हुईस्तोवर इंजिन बंद करायचं न्हाय.”

 त्याच दुपारी मिस्त्रीनं गोठ्यातला दिवा काढला आणि चुलीवरच्या आढ्याला लावला. बैलाचं काय होणार म्हणून थोरले दीर बराच वेळ हळहळत होते.

त्या संध्याकाळी मी माजले होते. पुरुष जेवून उठले आणि ठोके थांबले नाहीत. दिवा इंजिनाच्या ठोक्याबरोबर जरासा उचकी लागल्यासारखा हलत होता, पण लख्ख होता. काजळीनं काळ्या झालेल्या भिंती पहिल्यांदाच दिसल्या. आत्याबाई आपलं ताट घेऊन मागच्या कोनाड्याशी, भिंतीकडं तोंड करून बसायला निघाल्या. मी म्हटलं, “आता कशाला तितं? या मदी.” आणि त्यांच्या हातातलं ताट ओढून आमच्या दोघींच्या मधे ठेवलं.

ताटात भाकरीचा करपलेला पापुद्रा होता आणि दोन कडा. भाजी नव्हती. वांग्याची कढई पाण्यानं विसळून ते पाणी वाटीत घेतलेलं, त्यावर थोडं तिखट. माझ्या ताटात मऊ दीड भाकरी होती आणि भरलं वांगं होतं. जाऊबाईंच्या ताटातही.

आत्याबाईंनी ताटावर पदर ओढला. चोरी सापडल्यासारख्या. म्हणाल्या, “मालव गं त्यो दिवा. डोळ्याला लागतुया.”

तेव्हा मला ती चिमणी कळली. ती कोनाड्यात का जायची, ते कळलं. सगळ्या पुरुषांचं पोटभर झाल्यावर जे उरायचं ते दोघींनाच पुरेल एवढं असायचं, आणि आम्ही तिघी होतो. आम्हाला कळू नये म्हणून ही बाई रोज अंधार करून बसायची. मी वर्षभर सोप्यातल्या माणसांवर दात खात होते आणि वर्षभर हिच्या वाटणीची भाकरी खात होते. अंधारात मऊ लागली म्हणून कधी विचारलं नाही की तुमची कुठंय. मला माझीच लाज वाटली, आणि लाज वाटली की मला जास्तच राग येतो.

मी दिवा मालवला नाही. त्यांचा पदर बाजूला केला, माझी भाकरी मोडून त्यांच्या ताटात घातली. त्या खाईनात. जाऊबाई रडायला लागल्या. शेवटी आत्याबाई जेवल्या, पण मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोप्यात मी वाढायला गेले. भाकऱ्यांच्या चवडीतली सगळ्यात करपलेली काढली आणि मामंजींच्या ताटात ठेवली. वाटीत कढई विसळलेलं पाणी वाढलं, वर थोडं तिखट. डोक्यावर विजेचा दिवा होता. काही लपायची सोय नव्हती.

त्यांनी ताटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “ही करपलीया.”

“व्हय,” मी म्हटलं. “आत्याबाईंच्या ताटात रोज असती. अंधारात दिसत न्हवती.”

थोरल्या दिरांचा घास हातात राहिला. हे खाली बघत होते.  मामंजींनी भाकरी मोडली आणि त्या पाण्यात बुडवून खाल्ली, सगळी. दुसऱ्या दिवसापासून पीठ दोन मुठी जास्त निघायला लागलं. 

हीच गोष्ट आमच्याकडं लग्नाकार्यात अजून निघते. मामंजी किती मोठ्या मनाचे, सुनेनं करपलेली भाकरी वाढली तरी चकार शब्द न काढता खाल्ली, असं नातवंडांना सांगतात. नातवंडं माना डोलावतात. मी तिथंच बसलेली असते आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. त्यांनी एक खाल्ली. तीस वर्षं जिनं खाल्ल्या, तिचं नाव त्या गोष्टीत येतच नाही.