डब्यातली माणसं

अहरोन वाकरूळकर तेल अवीवच्या दक्षिणेकडल्या वाळवंटात डिमोना ते बेर्शेबा बस चालवायचा, अशी बसकंपनीची समजूत होती. खरं म्हणजे तो बसमध्ये बसून रेल्वे बघायचा, आणि बघता बघता बस बेर्शेब्याला पोचायची. कधी वेळेवर, बहुतेकदा नाही.

त्या रस्त्याला बराच लांबवर रूळ सोबत करतो. नव्वद साली त्या रुळावरून माणसं जात नसत, फॉस्फेट जायचं. खाणीवरून बंदराकडे, पांढऱ्या भुकटीनं माखलेले वाघिणींचे तांडे. बघण्यासारखं त्यात काडीचं काही नाही. पण मालगाडी दिसली की अहरोनच्या पायाला काय व्हायचं कोण जाणे, बस गाडीच्या चालीनं चालायला लागायची. मग इंजिन नीट दिसावं म्हणून बस पुढे पळायची, मग मागचं इंजिन बघायला पुन्हा रेंगाळायची. आत बसलेली माणसं दवाखान्याला, कोर्टाला, परीक्षेला निघालेली असायची.

"जल्लं तुझं इंजान," मागच्या सीटवरून रुथमावशी ओरडायची. ही त्याच्या आईची धाकटी बहीण, अलिबागकडची भाषा तिनं विमानातून जशीच्या तशी आणली होती आणि अजून वापरत होती. "डागदर तिकडं माझी वाट बघतंय, नि तू हिकडं वरात काढतंस व्हय रं?"

"मावशी, आज जोडइंजिन आहे. मागच्याचा आवाज ऐक."

"तू माझ्या गुडघ्याचा आवाज ऐक आधी."

हे वेड कुठून आलं असं कुणी विचारलं की अहरोन डोळे बारीक करून सांगायचा, लहानपणी मुंबईहून येताना लांबचा प्रवास झाला, तेव्हापासून. तो प्रवास विमानाचा होता, आणि त्यात तो आईच्या मांडीवर ओकत होता. येमिमा, त्याची बायको, हे चारचौघांत सांगायची. त्याला लाज वाटायची नाही. छंदवाल्या माणसाची लाज आधी जाते, वेळ नंतर.

एकटा होता तोवर निदान एकाच माणसाचा वेळ वाया जायचा. मग त्याला तेल अवीवचं मंडळ भेटलं.

शुक्रवार सकाळी दोन जीपा भरून ही मंडळी डिमोन्याला उतरायची. पुढारी ओफिर नावाचा, संगणकाच्या कुठल्याशा कंपनीतला. अंगात नुसते खिसे असलेलं जाकीट, गळ्यात हाताएवढ्या भिंगाचा कॅमेरा, आणि तोंडात एकच विषय. आपल्या गावच्या लोकांना वाटायचं, एवढे शिकलेले लोक वाळवंटात काय शोधायला येतात? पुरातन काही असेल. ते धुराचे फोटो काढायला येत. तोही डिझेलचा धूर.

यांची काम करायची एक रीत होती. गाडी एका वळणावर टिपायची, लगेच जीपमध्ये उड्या मारायच्या, रस्त्यानं सुसाट जाऊन गाडीच्या पुढे निघायचं, पुढच्या पुलावर तीच गाडी पुन्हा टिपायची. असं बंदरापर्यंत. याला ते 'पाठलाग' म्हणत. कान धरून विचारलं असतं तर कळलं असतं की रेल्वे निमित्त होती, या सगळ्यांना मोटारींच्या शर्यतीत पळायचं होतं. देशात शर्यतीचं धड मैदान नाही, परवाना नाही. टीव्हीवर फॉर्म्युलाची शर्यत लागणार रविवारी, जेव्हा सगळं जग सुट्टीवर आणि आपण कामावर. शनिवारी आपल्याला सुट्टी, तर रेल्वेही सुट्टीवर. अशा कोंडमाऱ्यातून निघालेला हा खेळ. जीप हाकणारा स्वतःला 'पायलट' म्हणवायचा, शेजारी नकाशा घेऊन बसणारा 'नॅव्हिगेटर'. फॉस्फेटची गाडी कुठे पळून जात नव्हती. तिची चाल बैलगाडीपेक्षा जरा बरी, एवढंच.

अहरोनला त्यांनी नॅव्हिगेटर केलं. रस्त्याचा प्रत्येक खड्डा त्याला पाठ होता, कारण रोज बस त्यातून तोच घालायचा. वर ओफिरनं त्याला फॉर्म्युलाच्या संघाची लालभडक टोपी दिली. त्या दिवसापासून ती टोपी त्याच्या डोक्यावरून उतरली ती फक्त झोपताना. सिनेगॉगमध्येसुद्धा तीच घालून जायला निघाला होता. येमिमानं दारात काढून घेतली.

आता मुलीचं. अदवा बेर्शेब्याच्या इस्पितळात नर्स होती, आणि तिथल्याच आसाफ किहीमकरशी तिचं जमलं होतं. मुलगा चांगला, आई डिना चांगली. बाप अव्राहाम किहीमकर मात्र सरकारी कचेरीतून साहेब म्हणून निवृत्त झालेला, आणि घरी आल्यावरही निवृत्त न झालेला. त्याला मान लागायचा. पहिल्या भेटीला अहरोन गेलाच नाही, कारण बंदरात नवं इंजिन जहाजातून उतरत होतं. दुसऱ्या भेटीला गेला, पण चहा यायच्या आत कुठे शिटी ऐकली आणि "आलोच" म्हणून बाहेर पडला. आला तेव्हा कपबशा धुऊन झाल्या होत्या.

अव्राहामनं फोनवर येमिमाला स्पष्ट सांगितलं, "वहिनी, मुलगी गुणाची आहे. पण ज्या घरात बाप आमच्यासमोर दोन मिनिटं उभा राहत नाही, त्या घराशी सोयरीक कशी करायची? आता तिसऱ्या खेपेला येऊ. तो समोर दिसला तर बसू. नाहीतर पाणीही न पिता परत."

अदवानं बापाला समोर बसवलं. घरात ती हिब्रूत बोलायची, पण हे मराठीत बोलली, म्हणजे बघा किती गंभीर आहे.

"आबा, एकदाच. माझ्यासाठी. तिथे उभा राहा, बस्स."

"राहीन की. तू काळजीच करू नकोस."

एवढ्यात दोन हजार पाच साल उजाडलं आणि खरोखरच डिमोन्याला उतारूंची गाडी सुरू व्हायचं ठरलं. इथे अहरोनचं आणखी एक पाप उघडं पडलं. तो एलियाहू हानावी या प्रेषिताला नवस बोलला होता, डिमोन्याला उतारूगाडी आली तर मलिदा करीन. आपल्या कोकणातून आलेल्या यहुदी लोकांत मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचं नि फळांचं नवसाचं ताट, मूल झालं की करतात, दुखणं हटलं, प्रवास सुखरूप झाला की करतात. रेल्वेसाठी पोहे भिजवणारा हा पहिलाच.

"माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं," येमिमा म्हणाली, "तेव्हा नाही सुचला नवस?"

"तू बरी होणारच होतीस. गाडीचं काही खरं नव्हतं."

मलिदा पहिल्या गाडीच्याच दिवशी संध्याकाळी ठरला. आणि या शहाण्यानं सुचवलं, किहीमकरांनी त्याच गाडीनं यावं. मी फलाटावर हार घेऊन उभा असेन. अव्राहामला पहिल्या गाडीचा मान आवडला. तो हो म्हणाला.

त्या दिवशी अहरोननं रजा घेतली, दाढी केली, पांढरा शर्ट घातला. येमिमा खोबरं किसत होती, अदवा फळं धुऊन ताटात मांडत होती. तेवढ्यात ओफिरचा फोन.

"खबीबी, बेर्शेब्याच्या बाहेर उभे आहोत. तुझ्याशिवाय पाठलाग कसा होणार? गाडीच्या आधी स्टेशनात पोचवतो तुला. आम्ही काय गाडीच्या मागे राहणार आहोत?"

अहरोननं हार पिशवीत टाकला आणि टोपी डोक्यावर. "जरा लवकर निघतो," म्हणाला.

येमिमानं त्याच्या पाठीकडे पाहिलं आणि रुथमावशीला फोन लावला. "मावशी, टॅक्सी करा नि स्टेशनावर जा. पावण्यांना कुणीतरी पायजे समोर."

"त्यो गेला नाय?"

"तो गेलाय म्हणून तर तुम्हांला सांगते."

पाठलाग झकास झाला, असं त्या लोकांचं म्हणणं. बेर्शेब्याबाहेरच्या वळणावर गाडी टिपली. निळे-पांढरे नवेकोरे डबे, इंजिनाला झेंडे. अहरोनच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगी जन्मली तेव्हा तो डेपोत होता. मग जीप उधळली, गाडीच्या बरोबरीनं रस्त्यावर धावायला लागली, आणि अहरोन उघड्या जीपमध्ये चक्क उभा राहिला. एका हातानं दांडा धरलेला, दुसऱ्या हातानं लाल टोपी गरागरा फिरवत, "याऽल्ला! याऽल्ला! चल, चल!" ओरडत. पांढरा शर्ट फुगलेला. एका डब्याच्या बरोबरीनं, मग दुसऱ्या, मग इंजिनाच्या. पंधरा वर्षं ज्या गाड्यांसोबत तो असा पळत होता, त्यांच्या वाघिणींत भुकटी भरलेली असायची. भुकटीला डोळे नसतात. हिच्यात माणसं बसली होती, प्रत्येक माणसाला खिडकी होती, आणि पहिलीच गाडी म्हणून एकूण एक माणूस खिडकीतून बाहेर बघत होता. हे त्या महाभागाच्या डोक्यात आलंच नाही.

पुढे त्यानंच जवळची वाट दाखवली. ओढ्याच्या कोरड्या पात्रातून आडवं गेलं की वळसा वाचतो. बसवाल्याला रस्ता ठाऊक, ओढा कुठे ठाऊक? पिठासारख्या मातीत जीप आसापर्यंत रुतली. पायलट उतरला, नॅव्हिगेटर उतरला, ढकलाढकली झाली. मागच्या जीपवाल्यांनी मदत करायच्या आधी रुतलेल्या जीपचे फोटो काढले. आणि वरच्या भरावावरून, शांतपणे, डिमोन्याला येणारी पहिली उतारूगाडी निघून गेली. पंधरा वर्षं वाट पाहणाऱ्या अहरोनला ती दिसली जीपखालून, चाकांपुरती.

तो घरी पोचला तेव्हा अंधारलं होतं. खोली माणसांनी भरलेली. प्रार्थना म्हणणाऱ्या हज्जानचं म्हणून झालं होतं, मलिद्याचं ताट फिरत होतं. नवस ज्याचा, तोच नव्हता. रुथमावशीनं पाहुण्यांना फलाटावरूनच ओढत आणलं होतं. अव्राहाम त्याच गाडीनं परत जायला निघाला होता. मावशी त्याच्या आडवी उभी राहून म्हणाली होती, "भाऊ, त्याच्यासाठी न्हाय, एलियाहू हन्नाबीसाठी चला. त्यो तरी येळेवर येतो." तेव्हा तो हसला आणि चालू लागला.

अहरोन दारात उभा. गुडघ्यापर्यंत माती, पिशवीत चुरगाळलेला हार. टोपी मात्र शहाण्यानं बाहेर जिन्यातच लपवून ठेवली होती.

"माफ करा अव्राहामभाऊ," तो म्हणाला. "कंपनीनं ऐन वेळी बोलावलं. बसचा टायर फुटला रस्त्यात. माझा नाइलाज झाला."

डिनाबाईंनी पदर तोंडाला लावला. अव्राहामनं हातातली खोबऱ्याची चकती सावकाश चावून संपवली.

"टायर कोण बदलत होतं?"

"मीच की. एकटा."

"मग जीपमध्ये उभं राहून लाल टोपी हलवत होतं, ते कोण? आमच्या खिडकीला अगदी चिकटून आलं होतं हो. डिना म्हणाली, बिचारा वेडा दिसतो, घरचे लक्ष देत नसतील. मी म्हटलं, नीट बघ, व्याही आहेत."

आधी रुथमावशी हसली, मग सगळी खोली. आसाफ हसला नाही, त्यानं अदवाकडे पाहिलं. अदवा ताट घेऊन उभी होती. तिनं ते टेबलावर ठेवलं.

"लग्न होईल," अव्राहाम म्हणाला. "मुलीत खोट नाही. पण लग्नात खुप्पाच्या छताखाली तिला घेऊन कोण येणार, ते आजच ठरू दे. लग्नाच्या हॉलच्या मागून रूळ जातो. मला तिथे ताटकळायचं नाही."

"आमोसमामा आणेल," अदवा म्हणाली. विचार करायलाही थांबली नाही. "मामा येतो म्हणाला की येतो."

येमिमानं मान खाली घातली, पण नाही म्हणाली नाही. तिचा भाऊ आमोस कोपऱ्यात अवघडून उभा राहिला.

अहरोन खोलीच्या मधोमध होता. चेहरा उतरला होता, ओठ हलत होते. लोकांनी वाट करून दिली. आता हा मुलीची माफी मागेल, निदान व्याह्यांचे हात धरेल, असं सगळ्यांना वाटलं. अदवालासुद्धा वाटलं असावं, कारण तिनं डोळे पुसले आणि त्याच्याकडे पाहिलं.

तो तिच्याजवळून पुढे गेला आणि अव्राहामच्या शेजारच्या खुर्चीवर टेकला.

"अव्राहामभाऊ," त्यानं हळू विचारलं, "आत बसल्यावर कसं वाटतं हो? ब्रेक लागला तेव्हा धक्का बसला का?"

अव्राहामनं ताटातली पोह्यांची मूठ त्याच्या हातावर ठेवली.

"खा," म्हणाला. "नवस तुझाच होता."