हदासामावशींचा पाण्यावरचा हक्क
हदासामावशींना ओढ्यावरून कुणी बोललेलं खपत नाही. बर्मिंगहॅमहून ट्रेनने अर्ध्या तासावर आमचं गाव, आणि त्यांच्या रोपवाटिकेच्या मागून हेझल ब्रुक वाहतो. उडी मारून ओलांडता येईल एवढाच. मी एकदा गमतीत त्याला नाला म्हटलं, तर पुढचे कित्येक दिवस मला त्यांच्याकडे चहा मिळाला नाही.

मावशी भायखळ्याच्या. इथल्या मराठी ज्यूंच्या घरांतून मराठी जवळजवळ गेलीच आहे. मी पुण्याचा आहे हे कळल्यावर त्या कुंपणावरून म्हणाल्या होत्या, "चला, भांडायला तरी कुणीतरी मिळालं." तेव्हापासून आम्ही नियमित भांडतो.

त्यांचे यजमान जोनाथन यांनी रोपवाटिका घेतली तेव्हा तिच्याबरोबर ओढ्यातून पंपाने पाणी उचलायचा जुना परवाना आला होता. तो परवाना चालू असेपर्यंत त्याच्या मुळावर येईल असा नवा परवाना वरच्या अंगाला कुणाला मिळू शकत नव्हता. जोनाथन गेले, मावशींनी धंदा आवरला आणि पंप बंद केला. ओढ्याने बाळसं धरलं. पुलाखालच्या डोहात ट्राउट मासे परत दिसू लागले. ज्यूंच्या नव्या वर्षाला वाहत्या पाण्याकाठी प्रार्थना करून पापं सोडून द्यायची असतात. मावशी ती तिथेच करायच्या आणि "माशांना माझी सगळी लफडी ठाऊक आहेत," असं म्हणून हसायच्या. गावातल्या निसर्ग मंडळाची ट्रूडी त्यांना दर ख्रिसमसला घरचा जॅम आणून द्यायची.

परवाना मात्र मावशींनी आपल्या पद्धतीने जपला. आपल्याकडे दागिना जपायचा म्हणजे तो लॉकरमध्ये ठेवायचा, अंगावर घालायचा नाही. मावशींनी हक्काचंही तेच केलं. परवाना खात्याला त्या दरवर्षी अभिमानाने कळवत राहिल्या, की यंदाही थेंबभर पाणी घेतलेलं नाही.

यंदा जुलैत खात्याची एक बाई आली. बिचारी सभ्य होती. वरच्या अंगाच्या गोल्फ कोर्सला हिरवळीसाठी पाणी हवं होतं आणि मावशींचा परवाना रद्द व्हावा अशी मागणी गोल्फवाल्यांनीच केली होती. चार वर्षं न वापरलेला परवाना काढून घेता येतो, आणि मावशींचं चौथं वर्ष सप्टेंबरात संपत होतं. मावशींना वाटलं, हिला नीट कळलेलं नाही. त्यांनी तिला ओढ्यावर नेऊन मासे दाखवले. "मी वापर केलाय," मावशी म्हणाल्या, "पाणी ओढ्यात ठेवून केलाय." बाई ओशाळून म्हणाली, की कायद्यात तो वापर धरत नाहीत. पाणी बाहेर काढलं पाहिजे आणि शेतीलाच दिलं पाहिजे. उचलून परत ओढ्यात सोडलेलं चालणार नाही.

मला इतका संताप आला, की मी उठून बाहेर गेलो. वाचवणाऱ्याच्या हातून काढायचं आणि उपसणाऱ्याच्या पदरात टाकायचं, याला न्याय म्हणतात म्हणे.

मावशींच्या वकिलाने सरळ सांगितलं: खरंखुरं पीक लावा, त्याला पाणी द्या आणि कुणाशी बोलू नका. केवळ परवाना टिकवायला पंप चालवता असं तुमच्या तोंडून निघालं, तर गोल्फवाले तेच धरून बसतील.

आणि नेमकं हे वर्ष कोरडं. वसंतापासून पाऊस असा झालाच नव्हता, ओढा घोट्याएवढा उरला होता. मावशींनी मेथी, चवळी आणि लाल माठ पेरला. पंप सुरू करायच्या दिवशी त्या बटणाशी बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "तू दाब." मी दाबलं.

दुपारपर्यंत पुलाखालचं वाहतं पाणी थांबलं. मावशी गमबूट घालून डोहात उतरल्या आणि हातांनी मासे पकडून बादलीत टाकू लागल्या. मी बादल्या गाडीत घालून खाली नदीपर्यंत नेत होतो. निम्मे मासे वाटेतच गेले. संध्याकाळी त्या चिखलातच बसल्या आणि मोठ्याने रडल्या. मी पंप बंद करायला निघालो, तर त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"यंदा आटला तर पाऊस पुन्हा भरेल रे," त्या म्हणाल्या. "ते गोल्फवाले एकदा घुसले की पाऊसही पुरायचा नाही. चालू दे."

ऑगस्टभर पंप चालला. गावात बभ्रा झाला. दुकानात लोक त्यांना पाहून बोलायचे थांबू लागले. कुणीतरी फाटकावर काळ्या रंगाने 'लाज वाटू दे' असं लिहिलं. मला दहा वेळा वाटलं, की चौकात उभं राहून सगळं सांगून टाकावं. मावशींनी शपथ घातली होती.

महिनाअखेरीस ट्रूडी आली, मेलेली माशाची पिल्लं बादलीत घेऊन. ती ओरडली नाही. बादली तिने पायरीवर ठेवली आणि विचारलं, जोनाथन असता तर त्याने हे होऊ दिलं असतं का? तिचे डोळे भरले होते. मावशींचे ओठ हलले. आता सांगणार, असं मला वाटलं. सांगितलं असतं तर ट्रूडीने त्यांना मिठी मारली असती आणि रात्रीच्या आत साऱ्या गावाला, म्हणजे गोल्फवाल्यांनाही, कळलं असतं.

"नाही," मावशी इंग्रजीत म्हणाल्या, "त्याने होऊ दिलं नसतं."

ट्रूडी गेली. बादली तिथेच राहिली. मावशी बादलीतल्या पिल्लांकडे पाहत होत्या. मग माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाल्या, "उद्या लवकर ये. मेथीला पाणी द्यायचंय."