झाकणावरच्या दोन टिचक्या

भामाबाईसोबत शास्त्रज्ञांचा सिनेमा बघायचा म्हणजे डोक्याला ताप. टीव्हीवर हिरो पांढरा कोट घालून आला की ही सुरू. "आरं, तोंड मिट ना! उघड्या बाटलीवर बोलतोय मुडदा, बुरशी लागंल की!" हिरो जग वाचवायच्या घाईत, आणि हिला बुरशीची काळजी.

बरं, बोलायचा हक्क होता तिला. पैठण रोडला बाटलीत केळीची रोपं वाढवणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती बावीस वर्षं कामाला. केळीचा इवलासा कोंब चिमट्यानं धरायचा, पात्यानं कापायचा, बाटलीतल्या खुराकात उभा करायचा, की झाकण घट्ट. वर मधल्या बोटानं दोन टिचक्या, टक टक. ही तिची खोड. घरी साखरेचा डबा असो की लोणच्याची बरणी, टिचक्या ठरलेल्या. नवरा कारभारी चिडवायचा, "डबा काय पळून चाललाय का?"

पण सुरुवातीची दोन वर्षं तिनं बाटल्या धुतल्या होत्या, आणि कारभारीच्या डोक्यातलं घड्याळ तिथंच बंद पडलेलं. वाळूजच्या कंपनीतून रिटायर झालेला हा गडी चारचौघांत खुशाल सांगायचा, "आमची मंडळी बाटल्या धुती." प्रयोगशाळेत बाहेरच्या माणसाला पाऊल टाकू देत नसत. मग दाखवणार तरी कसं? भामाबाईला हे लई लागायचं.

आणि एके दिवशी तिथं चक्क शूटिंग आलं! केळीवरचा रोग हटवणाऱ्या शास्त्रज्ञ बाईंचा सिनेमा. हिरोईन दिसायला देखणी, पण चिमटा धरला की कोंब उडून थेट कॅमेऱ्यावर. सात वेळा उडाला. डायरेक्टरनं कपाळाला हात लावला. शेवटी प्रयोगशाळेच्या मॅडमनी भामाबाईला पुढं केलं. ठरलं, चेहरा हिरोईनचा आणि हात भामाबाईचे.

त्या संध्याकाळी तिनं घरी ऐटीत सांगितलं, "थेटरात नीट बघा. मनगटावर तुमचं नाव गोंदलेलं दिसंल. मग कळंल, मी काय करते ते."

दुसऱ्या दिवशी मेकअपवाल्या पोरीनं तिचे हात हिरोईनसारखे गोरे रंगवले आणि नेमके त्याच नावावर रंगाचे तीन थर चढवले. सिनेमातल्या बाईंचं लग्न झालेलं नव्हतं ना! काम तिनं चोख केलं, पण घरी हे सांगायला जीभ रेटेना.

वर्षभरानं सिनेमा लागला. कारभारी इस्त्रीचा सदरा घालून, चष्मा दोनदा पुसून बसला. पडद्यावर हात आले. गोरेपान, गुळगुळीत.

"नाव कुठंय?" तो कुजबुजला. "थापा मारतीस व्हय?"

बावीस वर्षांत दाखवायची एक संधी मिळाली, तीही रंगाखाली गेली. भामाबाईनं मान खाली घातली.

पडद्यावरच्या हातांनी कोंब कापला, बाटलीत उभा केला, झाकण लावलं. वर दोन टिचक्या. टक टक.

कारभारी ताडकन उठला. "अगं, हे तर तुझेच हात!"

"ओ काका, बसा ना खाली!" मागून कुणीतरी ओरडलं. "हिरोईन काय पाहुण्यातली आहे का तुमच्या?"

"हिरोईन कोण का असंना," तो अख्ख्या थेटराला ऐकू जाईल असं म्हणाला, "हात आमच्या मंडळीचे आहेत. केळीची रोपं करती ती!"

भामाबाईनं सदरा ओढून त्याला खाली बसवलं. तिच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि ती पुसायलाही तिला सुचत नव्हतं.

एवढ्यात पडद्यावर हिरोईन आली आणि उघड्या बाटलीवर वाकून भाषण ठोकायला लागली. भामाबाई काही बोलायच्या आधीच शेजारून आवाज आला.

"आगं बाई, तोंड मिट की! बुरशी लागंल!"