गालिच्यावरचे सात थेंब

"पूस," साहेब म्हणाले.

मी कापड शोधायला इकडेतिकडे बघितलं.

"कापड काय शोधतोस? खांद्यावर काय आहे ते?"

खांद्यावर माझा दुपट्टा होता. बायकोने सकाळीच धुऊन दिलेला. मी गुडघ्यांवर बसलो आणि गालिच्यावरचे लाल थेंब पुसले. सात थेंब होते. मी मोजले. मोजायची सवय माझी, तेव्हाही सुटली नाही. वर खुर्च्यांतून लोक हसत होते.

स्वातंत्र्य येऊन सहा-सात वर्षं झाली होती. मी आलापल्लीला एका लाकूड कंपनीच्या डेपोत मोजणी कारकून होतो. सागाच्या ओंडक्याला फीत लावायची, गोलाई घ्यायची, लांबी घ्यायची, घनफूट काढायचे, वहीत लिहायचे. जो ओंडका मी स्वतः मोजला नाही, त्याचा आकडा मी कधी लिहिला नाही. आमच्या गोंडांच्या वस्तीत सातवीपर्यंत शिकलेला मी एकटाच. वस्तीत मला कारकून म्हणत. डेपोत गोंड म्हणत. माझ्या नावाने हाक मारणारे फक्त घरात होते.

कंपनीचे साहेब वाईनचे शौकीन. त्यांनी बंगल्यावर एक क्लब काढला होता. महिन्यातून एका रविवारी दुपारी नागपूरहून आलेल्या पाच बाटल्या खाकी कापडात गुंडाळून मांडायच्या, त्यांवर एक ते पाच आकडे घालायचे, आणि पाच सभासदांनी चाखून गुण द्यायचे. रंगाला पाच, वासाला पाच, चवीला दहा. बाटल्या साहेब स्वतः गुंडाळायचे, म्हणून ते गुण देत नसत. बेरजेवरून सभासदांची भांडणं व्हायची. म्हणून मला बोलावू लागले. मी व्हरांड्यात पाटावर बसायचो. ते खिडकीतून गुण ओरडायचे, मी लिहायचो. शेवटी 'बेरीज तपासली' असं लिहून सही करायचो. कागद नागपूरच्या क्लबाला जायचा. सव्वा वर्ष हे चाललं. आतलं हसणं ऐकू यायचं. व्हरांड्यात माझ्याशी बोलायला कुणी नसायचं.

त्या रविवारी वकीलसाहेबांना ताप आला. सभासद चारच. पाच रकाने भरल्याशिवाय निकाल लावायचा नाही, असा क्लबाचा नियम. साहेब खिडकीत आले. म्हणाले, "तू ये आत. तूच चाख."

मी चपला काढल्या आणि पहिल्यांदा आत गेलो. खानसामा ग्लास पुसू लागला, तेवढ्यात ठेकेदार बोलला. लाकूडतोडीचा ठेका असलेला हा माणूस रोज डेपोत माझ्याकडून आकडे घ्यायचा.

"ग्लास कायले बाटवता साहेब? ह्याले दोना द्या, दोना."

खानसाम्याने पळसाचा द्रोण आणून माझ्या हातात ठेवला. द्रोणात वाईन ओतली.

एक गोष्ट नीट सांगायला हवी. द्रोणाचा मला कमीपणा वाटला नाही. आमच्याकडे मोहाची दारू द्रोणातच पितात. कमीपणा होता तो ग्लास न देण्यात. पण ग्लास दिला असता तर माझा हात कदाचित विसरला असता. हातात द्रोण आला आणि हाताने तेच केलं, जे तो लहानपणापासून करत आला होता. पिण्याआधी पहिले थेंब जमिनीला. आमचे पुरखे, गेलेले वाडवडील आधी, आपण मागून. मी द्रोण कलता केला. खाली जमीन नव्हती. गालिचा होता.

"अबे, ह्यानं तं गालिच्यालेच पाजली!" ठेकेदार मांडी बडवत ओरडला. "तुले नाई लागत काय बे?"

मग साहेबांचं ते "पूस". आणि मी पुसलं.

पुसून उभा राहिलो. पाचही चाखल्या. प्रत्येक वेळी खानसामा नवा द्रोण द्यायचा. आई मोहाची दारू गाळायची, तेव्हा दोन मडक्यांतला फरक नुसत्या वासावरून सांगायची. तेच नाक माझं. दुसरीला मी तेरा गुण दिले. पाचवीलाही तेराच. म्हणालो, "साहेब, दुसरी आणि पाचवी एकच आहे."

पुन्हा हशा झाला. ठेकेदाराने दुसरीला सतरा आणि पाचवीला नऊ दिले होते.

साहेब हसले नाहीत. त्यांनी दोन्ही बाटल्यांची कापडं काढली. वाईन एकच होती. सभासदांची परीक्षा घ्यायला त्यांनी मुद्दाम तसं केलं होतं. सभासद चारही चुकले होते.

मला वाटलं, आता साहेब काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, "नाक जनावरालाही असतं." मग टेबलावरचा कागद माझ्याकडे सरकवला. "हे गुण वकीलसाहेबांच्या नावावर लिही. सही कर."

"वकीलसाहेब आलेच नाहीत, साहेब."

"ते मला माहीत आहे. लिही."

मी पेन्सिल हातात घेतली होती. वरच्या ओळीत चार नावं माझ्याच अक्षरात होती. पाचवी जागा रिकामी. दुपट्ट्याचं ओलं टोक गळ्याला लागत होतं.

"मी मोजलेलं मी दुसऱ्याच्या नावावर लिहीत नाही," मी म्हणालो. "माझं नाव लिहितो. नाहीतर सही नाही."

"डोकं फिरलं काय बे तुयं?" ठेकेदार म्हणाला. साहेबांनी फक्त दाराकडे बोट केलं. मी पेन्सिल कागदावर ठेवली, चपला घातल्या आणि निघालो.

सोमवारी माझी बदली सूरजागडच्या पायथ्याच्या डेपोवर झाली. पायी दोन दिवसांची वाट. बायको-मुलं मागेच राहिली. तिथे ओंडके होते, फीत होती आणि मी होतो. कधी कधी आठवडाभर मी आकड्यांशिवाय दुसरं काही बोललो नाही.

रजेवर घरी गेलो तेव्हा वडिलांना सगळं सांगितलं. सही केली नाही हे जरा मोठ्याने सांगितलं. मला वाटलं, शाबासकी मिळेल. वडिलांनी ऐकून घेतलं.

"देल्लं ते देल्लं," ते म्हणाले. "पुसलं काऊन?"

सही नाकारली ती माझ्या नावासाठी. त्याच्या आधी, त्याच खोलीत, पुरख्यांच्या वाटचे थेंब मी माझ्याच दुपट्ट्याने उचलले होते. कुणी माझा हात धरला नव्हता. साहेब फक्त एक शब्द बोलले होते.

आता माझ्या डोक्याचे केस पांढरे होत आले आहेत. लोक घरी बोलावतात, ग्लास देतात. मी पहिले थेंब जमिनीला देतो. खाली फरशी असो नाहीतर गालिचा. ज्याला डाग सोसत नाही, त्याने स्वतः वाकावं आणि पुसावं.

मी एकदा वाकलो. ते वाकणं हिशेबात धरलं आहे. दुसरं धरणार नाही.