मॅडमबरोबर तुलुमला

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी दोहातल्या एका दवाखान्यात नर्स होते. अल मन्सूरा भागातल्या जुन्या इमारतीत दोन मल्याळी नर्सेसबरोबर राहायचे. दोघी स्वभावानं चांगल्या, पण बोलायच्या एकमेकींशीच. माझं मराठी शुक्रवारी वसईला आईला फोन करण्यापुरतं उरलं होतं.

एका म्हाताऱ्या इंग्रज बाईंचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा त्यांना चालवण्याचं काम माझ्याकडे आलं. मी त्यांना मॅडम म्हणायचे. यजमान वारल्यावर त्या दोहातच एकट्या राहिल्या होत्या. त्यांचा मुलगा मेक्सिकोत समुद्रकाठी छोटं हॉटेल चालवायचा. त्यानं आईला बोलावलं आणि विमानात सोबतीला मलाही. डॉक्टर म्हणाले, "यल्ला सिस्टर, चला, समुद्र बघून या."

समुद्र मला नवा नव्हता. पण आमचा वसईचा समुद्र मातकट, पायाखाली चिखल. मेक्सिकोतला समुद्र काचेसारखा निळा, आणि वाळू पिठासारखी पांढरी. मॅडमची सून एकदा म्हणाली, "आज आईंजवळ मी बसते, तू पाण्यात जाऊन ये." तिनं मला पोहण्याचा चष्मा आणि तोंडात धरायची नळी दिली. होडीवाल्यानं प्रवाळांपाशी नेलं. मी होडीची कड धरून भीत भीत डोकं पाण्यात घातलं. खाली दगडांची फुलबाग पसरली होती, आणि पिवळ्या-जांभळ्या माशांचा थवा माझ्या हातांमधून निघून गेला. मी डोकं वर काढलं आणि ओरडले, "अगो बाई, बघ तरी!"

होडीत एक जोडपं एकमेकांचे फोटो काढत होतं. होडीवाल्यानं न समजताच मान हलवली आणि तो हसला. मी पुन्हा पाण्यात डोकं घातलं, पण मन लागेना.

पुढच्या आठवड्यात सगळे तुलुमला गेलो. माया लोकांचं जुनं शहर, समुद्राच्या कड्यावर. मुलगा, सून, नातवंडं पुढे पळाली. मॅडमची व्हीलचेअर खडकाळ वाटेवर चालेना. मॅडम झाडाखाली थांबल्या. मला म्हणाल्या, "तू जा. आणि मला सांग काय दिसलं ते."

मी एकटी फिरले. पडक्या दगडी भिंती, त्यावर उन्हात पसरलेले घोरपडीएवढे सरडे. कड्याच्या टोकाशी एक देऊळ, आणि खाली नुसतं निळं पाणी. इथं माणसं राहायची, बाजार भरायचा, समुद्रातून होड्या यायच्या, असं गाईड कुणाला तरी सांगत होता. मला वसईचा किल्ला आठवला. लहानपणी आम्ही भावंडं तिथं रविवारी दडपे पोहे घेऊन जायचो.

परत येऊन मॅडमना मी सगळं सांगितलं. सरड्यांचं सांगितलं तेव्हा त्या हसल्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, "मुलगा म्हणतोय, मी आता इथंच राहायचं. दोहातलं घर खाली करायला सांगितलंय त्यानं."

"तुम्हाला राहायचंय का, मॅडम?"

"माझ्या मैत्रिणी तिथं आहेत. ह्यांची कबरही तिथं आहे." त्या समुद्राकडे बघत राहिल्या. "पण तो मुलगा आहे माझा. आणि मला आता एकटीला उठता येत नाही."

मी त्यांचे पाय नीट ठेवले आणि टोपी सारखी केली.

चार दिवसांनी मी एकटीच परतले. निरोप घेताना मॅडमनी मला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. विमानात शेजारची सीट रिकामी होती. सवयीनं मी दोनदा तिकडे वळून त्यांना पाणी हवं का विचारायला गेले.

खोलीवरच्या दोघींनी विचारलं, "मेक्सिको कैसा था?" मी म्हटलं, "अच्छा था, बहुत अच्छा." त्या पुन्हा आपल्या बोलण्यात रमल्या.

शुक्रवारी आईला फोन लावला. पलीकडून भावाच्या मुलांचा गोंधळ ऐकू येत होता.

"लांब गेलीस म्हणे, गो? मासे मिळाले का खायला?"

"मिळाले की. आणि पाण्यात जिवंत पण बघितले, आई. हाताला लागत होते."

"अगो बाई! आणि सोबत कोण होतं तुझ्या?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"होती की पुष्कळ माणसं," मी म्हटलं.

"मग बरं झालं," आई म्हणाली, आणि मुलांना गप्प करायला उठली.