चुकीच्या खाचरातली इर्जिक

शाळेत कुणी 'उपक्रम' हा शब्द काढला की माझ्या कपाळाला आठी पडते. गेली काही वर्षं मी उपक्रमप्रमुख आहे; म्हणजे कुणालाच नको असलेलं काम मुख्याध्यापकांनी गोड बोलून माझ्या गळ्यात मारलंय. शनिवारी मुलं दप्तराविना येतात आणि त्या दिवशी काहीतरी 'राबवायचं' असतं. हात धुवायचा उपक्रम, वाचायचा उपक्रम, झाड लावायचा उपक्रम. झाड दरवर्षी त्याच खड्ड्यात लागतं. फोटो काढायचे, वर पाठवायचे, आणि सोमवारी जो तो आपल्या वाटेनं. मी लोणावळ्याहून येऊन कान्ह्याला उतरते, भूगोल शिकवते, पाचच्या गाडीनं घरी जाते. यापलीकडे काही राबवायची माझी तरी अजिबात इच्छा नव्हती.

गेल्या पावसाळ्यात दहावीतली एक मुलगी शाळेत यायची बंद झाली. लेझीम पथकात पहिल्या रांगेत नाचणारी, गणितात हुशार, आणि स्वभावानं अशी मानी की पेन विसरली तर शेजारणीकडे मागायची नाही. वडील मागेच वारले. घरी आई आणि ही. ऐन लावणीच्या तोंडावर आई बांधावरून घसरली आणि मांडीपर्यंत प्लास्टर चढलं. आता हजेरीत तिचा नंबर आला की वर्गातून कुणीतरी म्हणायचं, "रानात, बाई." मी रेघ मारून पुढे जायची.

एक दिवस न राहवून मी फोन केला. आईनं उचलला.

"बाई, पोरगी न्हाई यायची आता," ती म्हणाली. "रोपं निबर व्हाया लागली. येत्या चार दिसांत लावली न्हाई तर टाकूनच द्यायची. मग वरीसभर खायाचं काय? हिची मामी तळेगावला कंपनीत पॅकिंगला जाती, तितं लावून देती हिला."

"अहो, दहावी आहे तिची!"

"ठावं हाय की मला," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मला रागच आला. तिचा नव्हे, कुणाचा ते कळेना. त्या दिवशी नववीच्या वर्गाला उगाच ओरडा बसला.

शुक्रवारी विद्यार्थी मंत्रिमंडळाची बैठक होती. आमच्या मुख्यमंत्री म्हणजे दहावीतलीच एक मुलगी. कामशेतच्या बाजारात तिच्या अब्बांचं बांगड्यांचं दुकान आहे आणि बोलण्यात ती अख्ख्या बाजाराला भारी. मी म्हटलं, "उद्याचा उपक्रम सांगा. झाड सोडून काहीही."

ती उभी राहिली. "बाई, इर्जिक घालू."

"काय घालू?"

सगळे खिदळले. मग तिच्या शेजारी बसलेल्या, शेतकऱ्याच्या घरातल्या एका पोरानं मला समजावलं. एखाद्याचं रान अडलं की पूर्वी सगळं गाव आपापली बैलजोडी घेऊन तिथं जायचं आणि एका दिवसात काम उरकून द्यायचं. मजुरी नाही, काही नाही. ज्याचं रान असेल त्यानं सगळ्यांना पोटभर जेवायला घालायचं, बास. "आता कोन न्हाई घालत, बाई. आमचे आबा सांगत्यात. पर आबा म्हनले, तुमी पोरं लावनार असाल तर चिखलनीला, रान तुडवून चिखल कराया, मी बैलं घिऊन येतो."

म्हणजे त्या शाळा सुटलेल्या मुलीच्या रानात जायचं हे सगळं आधीच ठरलेलं होतं! मला फक्त कळवत होते. मुख्याध्यापकांनी चिखल, साप, पाऊस, पालक अशी सगळी भीती घालून पाहिली. "काही झालं तर माझ्यावर ढकला," मी म्हटलं, आणि माझं मलाच नवल वाटलं. पालकांचा होकार मुलांनी रातोरात मिळवला. मुख्यमंत्र्यांची अट एकच होती: तिला आधी सांगायचं नाही. "सांगितलं तर ती नको म्हणेल, बाई. तुम्हाला माहीत आहे ना ती?" शनिवारी सकाळी ती आईला घेऊन दवाखान्यात जाणार हे मैत्रिणींना ठाऊक होतं. नेमकी तीच वेळ त्यांनी साधली.

तिची वाडी डोंगराच्या अगदी पायथ्याशी. वर्गातलं त्या वाडीचं दुसरं कुणी नाही. घराला कुलूप होतं. घराखाली तिच्या रोपांचा हिरवागार वाफा, आणि त्याच्या खालच्या अंगाला भाताची दोन खाचरं, दोन्हींच्या मध्ये एक बांध. एकात गुडघाभर गवत माजलेलं. दुसऱ्यात मात्र चिखल कसा लोण्यासारखा झालेला आणि वर पाणी बांधलेलं.

"बाई, चिखलनी झालीया!" आबांचा नातू ओरडला. "कुनीतरी आदीच करून गेलंय!"

पोरांनी काय जल्लोष केला! देव पावला म्हणत नातवानं तिथूनच आबांना फोन लावला: बैलं आणू नका, काम झालंय.

आता मी भूगोलाची बाई. भाताला उष्ण हवामान आणि भरपूर पाऊस लागतो हे मी किती वर्षं फळ्यावर लिहीत आलेय. त्या चिखलात पहिलं पाऊल टाकलं आणि दुसरं निघेचना. पोरींनी मला हाताला धरून बांधावर बसवलं, डोक्यावर प्लास्टिकची खोळ दिली आणि सांगितलं, "बाई, तुम्ही रोपं मोकळी करून द्या."

सुरुवातीला नुसता गोंधळ. बाजारातली पोरं रोपं उलटीसुलटी खोचत होती, वाडीतली त्यांच्यावर खेकसत होती, कुणी मागे सरकताना दुसऱ्याच्या अंगावर बसत होतं. मग लेझमीच्या पथकातली एक मुलगी वैतागून ओरडली, "अरे, मोजून चला ना! एक, दोन, तीन, चार!" आणि काय सांगू! एक-दोनला रोपं, तीन-चारला एक पाऊल मागे. सगळी रांग एकदम वाके, एकदम सरके. वर पाऊस, खाली चिखल, आणि त्यांच्यासमोर हिरवी रेघ वाढत चाललेली. तिरकीच होती, पण वाढत होती. ज्यांना मी प्रार्थनेला सरळ उभं राहा म्हणून रोज घसा फोडून सांगते, तीच ही कार्टी! हातातली रोपं मोकळी करायचंसुद्धा भान राहिलं नाही.

दुपार व्हायच्या आत वाफा रिकामा झाला आणि खाचर भरलं. पोरं बांधावर बसून पाय धूत होती तेवढ्यात वरच्या रस्त्याला रिक्षा थांबली. ती खाली उतरली, आम्हाला बघितलं आणि धावत आली. मला वाटलं, आता रडेल, कुणाच्या तरी गळ्यात पडेल. ती बांधावर येऊन थिजलीच.

"बाई, हे आमचं न्हाई."

"काय तुमचं नाही?"

"हे काकांचं खाचर हाय. आमचं ते." तिनं गवताकडे बोट केलं. "रोपं... सगळी लावली?"

मुख्यमंत्र्यांच्या तोंडून शब्द फुटेना, यावरून काय ते समजा. हळूहळू सगळा उलगडा झाला. काका म्हणजे तिचे सख्खे चुलते. त्यांनी आदल्या दिवशी डिझेलवरच्या टिलरनं चिखलणी करून स्वतःचं रान तयार केलं होतं. मधला बांध कुणाचा यावरून दोन घरांची कोर्टात केस, आणि तिचे वडील गेल्यापासून बोलणं बंद. एकमेकांच्या दारात पाऊल नाही. आणि आम्ही तिची होती नव्हती ती सगळी रोपं नेऊन नेमकी त्यांच्या रानात लावली होती. म्हणजे यंदा तिचं भात गेलं, आणि भातामागोमाग शाळाही.

दोघा पोरांनी लावलेली रोपं उपटायला हात घातला, एवढ्यात मोटरसायकल आली. चुलते. पुढ्यात डिझेलचा कॅन.

त्यानंतर मी जे पाहिलं ते मला कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. मी कुणालाही काही म्हटलं नव्हतं, आणि पोरांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. पण सगळा वर्ग उठला, सरकला आणि असा उभा राहिला की ती मागे आणि चुलत्यांसमोर फक्त ही चिखलानं माखलेली पोरं. चाचणीत एकमेकांना पेपर न दाखवणारी पोरं, हो! मी आपली बाजूला, खोळ घातलेली, तोंड उघडं.

मुख्यमंत्री पुढे झाली. "काका, चूक आमची आहे. तिला काही माहीत नव्हतं. तिला बोलायचं नाही. काय बोलायचं ते आम्हाला बोला."

चुलते बांधावरून चालत गेले, एक रोप उपटलं, पाहिलं आणि परत तिथंच दाबून बसवलं.

"आंबेमोहोर हाय ह्यो," ते म्हणाले.

"व्हय," ती मागून म्हणाली.

"मी इंद्रायणी लावनार हुतो हितं."

आणि आबांच्या त्या आगाऊ नातवानं नको त्या वेळी तोंड उघडलं. "पर काका, इर्जिक तर तुमच्याच रानात झाली. मग जेवान तुमीच घालायचं."

मी त्याला चिमटा काढायला हात लांब केला, पण उशीर झाला होता.

"काय झाली?" चुलत्यांनी विचारलं.

"इर्जिक."

त्यांची नजर त्या तिरक्या रांगांवरून फिरली. मग जणू स्वतःशीच म्हणाले, "आमचा बा असताना शेवटची घातलेली. म्या आन दादा औतावर." दादा म्हणजे तिचे वडील. त्यांनी चिखलाचा हात तोंडावरून फिरवला, त्यानं तोंडही चिखलाचं झालं. "लावलेलं उपटू नगासा. जेवान मिळंल. आदी ह्या पलीकडल्या रानात टिलर घालू द्या मला."

पलीकडचं रान म्हणजे भावाचं. टिलर बांध ओलांडून गेला तेव्हा वर रिक्षात पाय लांब करून बसलेल्या तिच्या आईनं पदर तोंडाला लावला. मी तिच्याकडे पाहायचं टाळलं, कारण मलाच रडू येत होतं आणि पोरांसमोर मला ते चालत नाही.

मग पुन्हा एक, दोन, तीन, चार. या वेळी चुलत्यांच्या वाफ्यातली इंद्रायणी तिच्या खाचरात. या वेळी तीही रांगेत होती, पहिल्या जागेवर, आणि मोजणी तीच देत होती.

चुलत्यांच्या बायकोनं घरून मसुराची आमटी आणि भात आणला, मोठमोठी पातेली. आम्ही सगळे तिच्या घराच्या पडवीत जेवायला बसलो. चुलते मात्र अंगणात पावसातच उभे. त्यांनी या घरच्या रानात काम केलं होतं. म्हणजे इर्जिकीच्या रिवाजानं या घरी जेवल्याशिवाय त्यांना जाता येत नव्हतं, आणि बोलावल्याशिवाय आत येता येत नव्हतं. सगळी पोरं घास हातात धरून बघत बसलेली.

आई पडवीतल्या खाटेवरून लेकीला म्हणाली, "त्यास्नी म्हनावं, भिजू नगा."

ती म्हणाली, "काका, भिजू नगा म्हनती."

"म्हनावं, पाय लय चिखलाचं हायती."

"आई, पाय चिखलाचं हायती म्हनत्यात."

दोघांमध्ये अंतर केवढं, तर हात लांबवला तर ताट देता येईल एवढं. शेवटी आईच वैतागली. तिनं भाताचं ताट उचललं आणि थेट त्यांच्याकडे बघून म्हणाली, "भावजी, निवतंय की."

ते आत आले. खाली मान घालून सगळं ताट संपवलं. हात धुतला आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "वैनी, सोमवारी पोरीला साळंत धाडा. रानाचं मी बगतो."

खाटेवरूनच वाकून आईनं डाव्या हातानं त्यांच्या ताटाखालचं पाणी पुसून घेतलं.

बांधाची केस अजून चालू आहे, उगाच गोड करून सांगत नाही. तारखेला दोन्ही घरं वेगवेगळ्या गाडीनं जातात. पण दिवाळीच्या आधी आम्ही पुन्हा तिकडे गेलो तेव्हा चुलत्यांच्या खाचरातून आंबेमोहोराचा असा घमघमाट सुटला होता की पोरं बांधावरच बसून राहिली. त्या भाताचं पोतं कुणाच्या घरी गेलं हे मी विचारलं नाही. तिच्या डब्यात नंतर कितीतरी दिवस सुवासाचा भात असायचा. त्या शनिवारचा मात्र माझ्याकडे एकही फोटो नाही. मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा मी सरळ सांगितलं, हात चिखलाचे होते.

इर्जिकीनंतरच्या त्या सोमवारी पहिला तास माझाच होता. हजेरी घेताना सवयीनं मी तिच्या नंबरावर रेघ मारायला पेन टेकवलं आणि नंबर उच्चारला. या वेळी 'रानात, बाई' असं कुणीच म्हटलं नाही.

"हजर, बाई."

मागच्या बाकावर ती उभी होती, नखांत अजून चिखल. सगळा वर्ग मागे वळून तिच्याकडे बघत होता. पुढचा नंबर कितवा ते मला काही केल्या आठवेना.