तब्येत जास्त आहे

आमच्याकडच्या वर्तमानपत्रांना शोकांतिका हा शब्द फार स्वस्त झालाय. वणी रोडवर कोळशाचा ट्रक उलटला की शोकांतिका. बसस्टँडचं छत गळतं, तीही शोकांतिका. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. मोठ्या माणसाच्या हातून मोठी चूक होते आणि तिच्यापायी त्याचा नाश होतो, अशी व्याख्या मी फळ्यावर लिहून द्यायची. मुलं ती घोकायची आणि पेपरात उतरवून मोकळी व्हायची. आता त्या व्याख्येचा मला रागच येतो. आमच्या घरात जे झालं त्यात मोठा माणूस कुणी नव्हता, आणि चूक म्हणावी तर तिला चूक म्हणायला जीभ रेटत नाही.

आधी आमच्याकडची रीत सांगते. आमच्या भागात मेल्याची बातमी कुणी सरळ देत नाही. फोन येतो तो "तब्येत जास्त आहे, लवकर या" असाच येतो. घेणारा काय ते समजतो आणि खोदून विचारत नाही. मग घरात जो त्या मेलेल्याच्या सगळ्यात जवळचा, त्याला बाकीचे सांभाळतात. त्याला म्हणायचं, जरा नरम आहे, भेटून येऊ. आणि काहीही करून आधी जेवू घालायचं. एकदा खरं कानावर पडलं की घास उतरत नाही, आणि मयतीच्या घरी चूल पेटत नाही. रात्रीपर्यंत माणूस उपाशी राहतो. माझ्या माहेरीही हेच होतं. मला ही रीत फार शहाणी वाटायची.

माझ्या सासूबाई फुलसावंगीच्या आमच्या घरातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या बाई. त्यांना एकच भाऊ होता, झरी जामणीकडच्या एका खेड्यात राहायचा. म्हणजे जिल्ह्याच्या या टोकाला बहीण आणि त्या टोकाला भाऊ. आई लवकर गेल्यामुळे सासूबाईंनी त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं. म्हातारा झाला तरी तो त्यांना बाई म्हणायचा आणि त्या त्याचा विषय निघाला की तोंडभर हसायच्या. त्याला वणीच्या दवाखान्यात ठेवलंय हे आम्हाला माहीत होतं. दोन दिवसांनी कापसाचा वेचा आटोपला की जाऊ, असं त्यांनी ठरवलं होतं.

तेवढ्यात सकाळीच मामांच्या मुलाचा फोन आला. माझ्या नवऱ्यानं उचलला.

"दादा, बाबाची तब्येत जास्त आहे. आत्याले घेऊन लवकर या. आत्याचंच नाव घेऊन राह्यले."

"खरं सांग," नवरा म्हणाला.

"खरंच सांगून राह्यलो न. बोलून राह्यले ते."

नवऱ्यानं फोन ठेवला आणि ओट्यावर बसकण मारली. "मामा गेला," तो म्हणाला. मलाही तेच वाटलं. "खरंच" हे तर सगळेच म्हणतात, "बोलून राह्यले" हेही म्हणतात. आज कुणी विचारेल, मामांना फोन द्या म्हणायला काय झालं होतं? पण मेलेल्या माणसाला फोन दे, असं कोण म्हणतं? सांगणाऱ्याची पंचाईत होते. आम्ही त्याची पंचाईत केली नाही.

सासूबाईंना शेतातून बोलावलं. कमरेला वेच्याची ओटी तशीच बांधलेली होती. भावाची तब्येत जरा नरम आहे एवढंच त्यांना सांगितलं.

"मंग चाला," त्या म्हणाल्या. "अशीच येतो मी."

"दोन घास खाऊन घ्या, आई. लांबचा रस्ता आहे."

"भूक नाही मले. तो वाट पाहून राह्यला असंन."

मी त्यांना शपथ घातली. भाकरी आणि तुरीच्या सोल्यांची भाजी ताटात वाढून मी समोर बसले आणि ताट पुसून होईपर्यंत उठले नाही. त्या घाईघाईनं घास गिळत होत्या आणि दाराकडे पाहत होत्या. मला भरून येत होतं. मनात म्हणत होते, खा बाई, आता पुढचा घास कधी मिळेल देव जाणे.

मयतीला एकट्यादुकट्यानं जात नाहीत. म्हणून चुलतसासऱ्यांची वाट पाहिली, गाडी मोठी सांगितली. महागावला गाडी थांबवून नवऱ्यानं मामांच्या अंगावर घालायला नवा शेला घेतला आणि सीटखाली लपवला. गाडी का थांबली म्हणून सासूबाईंनी विचारलं, तर टायरची हवा बघतोय म्हणाला. आर्णी गेलं, घाटंजी गेलं. ड्रायव्हरला कुणी घाई केली नाही. झालं ते झालं, आता घाईनं काय होणार, म्हातारीला धक्के बसू नयेत, असाच सगळ्यांचा विचार. सासूबाई मात्र दर गावाला विचारत होत्या, वणी अजून किती लांब आहे.

मारेगावजवळ पुन्हा फोन आला. नवरा गाडी थांबवून खाली उतरला, रस्त्याच्या कडेला जाऊन बोलला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा मला ओळखू येईना. मला हात धरून त्यानं बाजूला नेलं.

"मामा आत्ता गेला," तो म्हणाला. "आत्ता. सकाळपासून जिवंत होता."

दवाखान्यात पोचलो. सासूबाई पलंगावर चढून बसल्या, भावाचं डोकं मांडीवर घेतलं आणि विचारलं, "कवा गेला?"

मामांच्या मुलानं तोंड उघडलं. त्याच्याआधी माझा नवरा म्हणाला, "सकाळीच, आई. फोन आला तवाच."

त्या पोरानं एकदा याच्याकडे पाहिलं. मग मान हलवली. "हाव आत्या. सकाळीच."

तिथं जमलेल्या सगळ्यांनी ते लगेच उचलून धरलं. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

दिवसभर मामा विचारत होते, बाई कुठलोक आली? आणि उशाशी बसलेले त्यांना सांगत होते, आलीच, घाटंजी सोडलं, पांढरकवडा सोडलं. आम्ही घरून निघालोही नव्हतो तेव्हापासून सांगत होते. हे मामांच्या मुलानं मला तेराव्याला सांगितलं, तेही सासूबाई आत आहेत ना याची खात्री करून.

मी तापट बाई आहे. काही वाईट झालं की ते कुणाच्या तरी डोक्यावर आपटल्याशिवाय मला चैन पडत नाही. तेरावं झाल्यावर कितीतरी दिवस मी एकेकाला मनात उभं करून पाहिलं. मामांच्या मुलावर चिडावं, तर तो एकटाच खरं बोलला होता. नवऱ्यावर चिडावं, तर तो आईला जपत होता. चुलतसासरे आपली कामं टाकून आले होते. ड्रायव्हरनं म्हातारीला खड्डा लागू दिला नाही. मी भाकरी वाढली. अपघातात निदान ट्रकवाला असतो, दुष्काळात पाऊस असतो, त्यांना शिव्या घालता येतात. इथं शिव्या घालायच्या तर कुणाला? आमच्यातल्या एकानं जरी थोडी माया कमी केली असती, एखादा जरी आडमुठेपणानं म्हणाला असता, "जेवण राहू द्या, आधी निघा," तरी बहीण-भावाची भेट झाली असती. फळ्यावर लिहायची माझी नवी व्याख्या ही. कुणाचंच वाईट मन नसतं आणि तरी व्हायचं तेच होतं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं लोक हसत म्हणतात. ते हसण्यावारी नेता येत नाही तेव्हा त्याला शोकांतिका म्हणावं.

आमचं खोटं मात्र टिकलं. परतताना सासूबाई गाडीत मला म्हणाल्या, "बरं केलं वो, तू जेवू घातलं मले. त्याची वेळच भरली होती." पुढं घरात कुणीही त्या दिवसाचा विषय काढला नाही.

गेल्या हिवाळ्यात सासूबाईंनी अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, लेकीला बोलावून घ्या. माझी नणंद नांदेडला असते. मी तिला फोन लावला आणि म्हणाले, ताई, आईंची तब्येत जास्त आहे, आजच या.

"वहिनी, खरं सांग. आई आहे न?"

"आहेत वो. माझ्यासमोर आहेत."

"सगळे असंच सांगतात," ती म्हणाली आणि रडायला लागली. पलीकडे कुणीतरी तिला, जेवून घे, मग निघू, असं म्हणताना मला ऐकू आलं.

मी फोन सासूबाईंच्या तोंडाशी धरला. बोला, म्हटलं.

त्या दम घेत घेत बोलल्या. "जिती आहो मी. भाकर खात बसू नको. कोनाची वाट पाहू नको. एकलीच निंघ."

मी फोन बंद केला. मग मी विचारलं, "आई, भाकरीचं काहून म्हटलं?"

त्या छताकडे पाहत होत्या.

"त्याचं अंग गरम होतं," त्या म्हणाल्या. "डोक्स मांडीवर घेतलं तवाच समजलं मले. सकाळचं मेलेलं मानूस असं राह्यते का?"

"मग इतके दिवस बोलल्या नाही तुम्ही?"

"तुमचे तोंडं पाह्यले न मी," त्या म्हणाल्या. "त्याच्या पोराचं पाह्यलं. मंग म्हटलं, राहू दे. सकाळीच गेला."

मी त्यांच्या उशाशी बसून पोट भरून रडले. त्यांनी मला थांबवलं नाही. दिवस मावळायच्या आत नणंद पोचली, एकटीच, उपाशी. आई तिच्याशी बोलल्या.